चैत्री वारीला पायी जायचं तर माघ लागताच चालायला लागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चैत्री एकादशीला कोल्हापुरातून पायी पंढरपूर गाठायचं, असा बेत पहिल्यांदाच करणारे बरेच जण हल्ली भेटतात. आनंद वाटतो आणि त्यांची तयारी ऐकली की काळजीही वाटते. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आषाढीची वारी असते. ढगाळ हवा, मधूनमधून सर, वाटेत जागोजागी अन्नदान, पाण्याचे टँकर, फिरते दवाखाने. चैत्रीला यातलं फारसं काही हाताशी नसतं. हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज इथपर्यंत ऊस आणि वस्ती सोबत करतात. मिरज मागे पडलं की कवठे महांकाळ, सांगोला हा कमी पावसाचा पट्टा लागतो. दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि रस्त्याकडेला सावली शोधावी लागते. एकूण वाट पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रोज बावीस ते पंचवीस किलोमीटर धरून सात-आठ दिवसांची. त्यात २०२६ साली ज्येष्ठ अधिक, त्यामुळे २०२७ची चैत्री एप्रिलच्या मध्यावर येते. ऊन आणखी कडक.

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की चैत्रीला काय बरोबर घेता यापेक्षा किती वाजता चालता हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि बाकी सगळी तयारी त्या वेळेच्या हिशोबाने करावी लागते.

पहाटे चारला पाय रस्त्याला लागले पाहिजेत. त्यासाठी तीनला उठणं आलं आणि रात्री नऊला पाठ टेकणं आलं. ताशी चार किलोमीटरचा सहज वेग धरला आणि मध्ये अर्ध्या तासाचा विसावा घेतला, तरी साडेआठपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर होतात. साडेनऊनंतर चालू नये. साडेचारपर्यंत सावलीत आडवं व्हावं, पाय भिंतीला टेकवून वर ठेवावेत, झोप घ्यावी. संध्याकाळी उरलेले सात-आठ किलोमीटर. ‘आज अकरापर्यंत ओढू म्हणजे संध्याकाळ मोकळी’ हा हिशोब दर वर्षी कुणाला तरी आडवं करतो. दहानंतरच्या दीड तासात अंगातून जेवढं पाणी जातं, तेवढं पहाटेच्या तीन तासांतही जात नाही.

शुद्ध पक्ष आहे, चांदण्यात चालू, असंही अनेकांना वाटतं. शुद्ध पक्षातला चंद्र संध्याकाळी असतो. षष्ठीला तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि दशमी-एकादशीलाही पहाटेपूर्वीच. चार ते सहा या वेळेत मिट्ट काळोख असतो आणि मालट्रक सुसाट असतात. डोक्याला बांधायची बॅटरी आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट प्रत्येकाकडे हवं, फक्त पुढच्या विणेकऱ्याकडे आणि शेवटच्या माणसाकडे असून भागत नाही.

रस्त्याची बाजूही विचार करून धरावी. ही वाट पूर्वेला आणि ईशान्येला जाते. सकाळी सूर्य थेट तोंडावर असतो, तसाच तो मागून येणाऱ्या गाडीच्या चालकाच्याही डोळ्यांत असतो, त्याला कडेची माणसं दिसत नाहीत. दोघे-चौघे चालत असाल तर उजव्या कडेने, एकामागे एक चाला. समोरून येणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असतो, त्याला तुम्ही नीट दिसता. संध्याकाळी उलट होतं, तेव्हा डांबर सोडून मुरमाच्या साइडपट्टीवर उतरा. मोठी दिंडी असेल तर मागे झेंडा आणि दिवे लावलेली गाडी हवीच. आणखी एक बारीक गोष्ट. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. दिवसभर एकाच कडेने चाललात की एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो आणि तिसऱ्या दिवशी एकाच गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते. रहदारी नसलेल्या गावरस्त्यावर मधूनच बाजू बदला किंवा मधोमध चाला.

आता पूर्वतयारी. माघ लागल्यापासून निघण्याच्या दिवसापर्यंत साधारण नऊ आठवडे मिळतात, ते पुरेसे आहेत. पहिले दोन आठवडे रोज पाच किलोमीटर, रविवारी आठ. मग रविवारची चाल दहा, बारा, पंधरा अशी वाढवत अठरापर्यंत न्या. मध्ये एक रविवार मुद्दाम कमी चाला. सातव्या-आठव्या आठवड्यात खरी परीक्षा घ्या: शनिवारी वीस आणि लगेच रविवारी पंधरा ते वीस. एक दिवस वीस किलोमीटर कुणीही चालतो. दुसऱ्या दिवशी आखडलेल्या पोटऱ्या आणि सुजलेले तळवे घेऊन चालता येतं का, हे कळलं पाहिजे. जोतिबाला चालत जाऊन तिथे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी चालत परत, हा त्यासाठी उत्तम मार्ग. चढ-उतार, डांबर, पायवाट सगळं मिळतं. ज्यांना जमेल त्यांनी दोन दिवसांत नरसोबाची वाडी करावी. सपाट, उन्हाची आणि पंढरपूरच्या वाटेसारखीच. शेवटचे दहा दिवस चाल निम्म्यावर आणा. पाडव्याच्या आदल्या रविवारी ‘एकदा बघू तरी’ म्हणून तीस किलोमीटर मारणारे दुखरी नडगी घेऊनच निघतात.

रंकाळ्याला संध्याकाळी फेऱ्या मारणं चांगलंच, पण तेवढ्यावर विसंबू नका. ती चाल सपाट, गार वाऱ्याची आणि ओझ्याशिवायची. शेवटच्या दोन आठवड्यांत सकाळी नऊ ते दहा उन्हात चालण्याची सवय करा, बाटल्या भरलेली पिशवी पाठीवर घेऊन. रोज तासभर ऊन अंगावर घेतलं की आठ-दहा दिवसांत शरीर बदलतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. दिवसभर एसीत बसणाऱ्यांना हे टाळताच येणार नाही. तालमीत घडलेल्या पोरांनीही ते गृहीत धरू नये. वजनदार, पिळदार अंग उष्णता जास्त निर्माण करतं आणि तळव्यांना डांबराची सवय मातीत होत नाही. पन्हाळा ते पावनखिंड जुलैच्या पावसात केलेल्यांनाही हेच सांगणं.

पायताणाबद्दल स्पष्ट लिहितो. कोल्हापुरी चप्पल आपला अभिमान आहे, २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण एवढ्या चालीला ती नको. तळ सपाट आणि कडक, टाच मोकळी, सगळा ताण अंगठ्यावर. मुक्कामाला घाला. चालायला बूट हवेत, आणि ते संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसाअखेर पाऊल फुगलेलं असतं. नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे, पुढे अंगठ्यापाशी बोटभर जागा. निघण्याआधी त्याच बुटांनी किमान ऐंशी-शंभर किलोमीटर झालेले असावेत. वारीसाठी नवे कोरे बूट काढून ठेवणं ही सगळ्यांत महागात पडणारी हौस. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो पहाटेच्या टप्प्यात फेडावा. भर दुपारी डांबर साठ अंशांच्या पुढे तापतं. मधुमेह असलेल्यांनी तर अनवाणी एक पाऊलही टाकू नये. संवेदना कमी झालेल्या तळव्याला चटका बसलेला कळत नाही, जखम दिसते तोवर चिघळलेली असते.

फोड येतात ते ओल, उष्णता आणि घर्षण एकत्र आल्यामुळे. सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून आत पातळ नायलॉनचा आणि वर जाडसर असे दोन मोजे घाला. घर्षण दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर होत नाही. दर दीड-दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय दहा मिनिटं वाऱ्यावर ठेवा, ओले मोजे पिशवीला बाहेरून टाचणीने अडकवा आणि कोरडे चढवा. टाचेवर किंवा करंगळीजवळ चुणचुणायला लागलं की त्याच क्षणी थांबा. ‘पुढच्या विसाव्याला बघू’ म्हणेपर्यंत लाल डागाचा फोड झालेला असतो. लाल झालेल्या जागेवर कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा, कोपरे कात्रीने गोल करून, म्हणजे मोज्याला अडकून निघत नाही. लहान फोड फोडू नका. मोठा, ताणलेला असेल तर जागा पोव्हिडोन आयोडीनने पुसा, निर्जंतुक सुईने कडेला दोन बारीक छिद्रं पाडा, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच राहू द्या आणि मलम लावून झाका. सुई-दोरा ओवून दोरा आत सोडण्याची पद्धत अजून चालते. ती बंद व्हावी. त्या दोऱ्यावरूनच घाण आत शिरते. नखं निघण्याच्या आठवडाभर आधी सरळ कापा. मांड्या काचतात त्यांनी चालण्याआधीच व्हॅसलीन लावावं, साल गेल्यावर लावून उपयोग नाही.

पाण्यापेक्षा मीठ लोक विसरतात. उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम जातो. त्याच्या जागी नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात. आणि माणूस ऊन लागलं समजून आणखी पाणी पितो. सकाळच्या टप्प्यात एक बाटली साधं पाणी आणि एक बाटली ओआरएस असा नेम ठेवा. ओआरएसची लिटरची पुडी पूर्ण एका लिटरातच घाला, अर्धी पुडी अंदाजाने नको. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आंबील आणि मीठ घातलेलं ताक तर आपल्याकडचंच, त्याहून चांगलं काही नाही. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय.

खाण्याचं थोडक्यात: पहाटे चहा-बिस्किटावर निघू नका, केळं किंवा दशमी खा. न्याहारीला पोहे, उपीट. मिसळ परत आल्यावर. कवठे महांकाळच्या बाजूला या दिवसांत बेदाण्याचा हंगाम असतो. मूठभर बेदाणे आणि खारे शेंगदाणे खिशात ठेवा. उसाचा रस प्या, पण बर्फाशिवाय. तो बर्फ कुठल्या पाण्याचा ते कुणी सांगत नाही, आणि वाटेत जुलाब लागले की वारी तिथेच संपते.

चक्कर, गार घामेजलेली कातडी, पोटरीत गोळे ही पहिली सूचना. सावली, ओआरएस, पाय वर आणि त्या दिवशी चालणं बंद. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, अंग तापून लाल झालं, तर तो उष्माघात आहे. त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. आधी अंग भिजवा, मान, काखा, जांघा यांवर ओली फडकी ठेवा, वारा घाला आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ला फोन करावा. पाय दुखतात म्हणून रोज वेदनाशामक गोळी घेण्याची सवयही घातक आहे. पाणी कमी झालेल्या शरीरात डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मूत्रपिंडावर घाला घालतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. त्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना फाल्गुनातच विचारा, मनाने बंद करू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी एकादशीचा उपवास आणि डोस यांचा मेळही त्यांच्याकडूनच लिहून आणावा.

पाठीवर पाण्यासकट सहा किलोंपेक्षा जास्त नको. बाकी दिंडीच्या गाडीत. डोक्याला पांढरी टोपी, मानेवर ओलं उपरणं, पूर्ण बाह्यांचा सैल सदरा.

पंढरपुरात पोहोचल्यावरचाही विचार आधीच करा. पायाला उघडा फोड असेल तर चंद्रभागेच्या पाण्यात तो बुडवू नका, काठावर हात-तोंड धुतलं तरी स्नान होतं. पदस्पर्शाच्या रांगेत अनेक तास अनवाणी उभं राहावं लागतं, चालून थकलेली माणसं तिथे कोसळतात. त्या दिवशी मुखदर्शन किंवा नामदेव पायरीला डोकं टेकवून निघणं यात काहीही कमीपणा नाही. चौथ्या दिवशी पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते आणि पुष्कळांना तीही चालत करायची असते. फोड भरलेले नसतील तर डोंगर गाडीने चढावा.

शेवटी दिंड्या काढणाऱ्या मंडळींना आपल्या वृत्तपत्रातून एक विनंती. नावनोंदणीच्या वहीत फक्त नाव आणि देणगी लिहून घेऊ नका. वय, आजार, रोजच्या गोळ्या, घरचा फोन नंबर लिहून घ्या, आणि सलग दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर चालून आल्याशिवाय नवख्याचं नाव पक्कं करू नका. सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार मुक्काम हे पत्रकावर छापा आणि त्या मुक्कामांना छप्पर आहे का, पाणी कुठून येतं, हे फाल्गुनात कुणीतरी मोटारसायकलवर जाऊन बघून या.

आपले,
काही जुने वारकरी,
शिवाजी पेठ, कोल्हापूर