शालूस, कुंचीच्या बंदांबद्दल

॥ श्री ॥

सांगली,
२४ नोव्हेंबर

प्रिय शालू,

हे फोनवर बोलायचं नव्हतं. तुझ्याकडे नेहमी कुणीतरी बसलेलं असतं आणि माझा गळा मध्येच दाटतो. म्हणून लिहायला बसले. तब्येत बरी आहे. गुडघा जिथे होता तिथेच. ह्यांची साखर काबूत आहे. झालं.

रविवारी मृणालने बाळंतविडा उघडला. प्रशांतबरोबर पाठवला होता, तो इंग्लंडात लीड्सला पोचून चार दिवस झाले तरी तिला सवड नव्हती. बाळ रात्रभर जागवतं, त्यामुळे मीही मागे लागले नाही. तर फोन उभा करून ठेवला आणि एकेक वस्तू काढत गेली. झबली बघून तिचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! मग माझ्या लक्षात आलं की ती दोन ढीग करतेय. एका ढिगात झबली, लंगोट, मोजे. दुसऱ्या ढिगात राईची उशी, गोधडी, बंदांची टोपडी आणि सगळ्यात वर कुंची. ‘आई, रागावू नकोस हं,’ म्हणाली.

रागावले नाही गं. पण फोन ठेवला आणि मशीनपाशी जाऊन बसले.

तिथे बाळ झालं की हेल्थ व्हिजिटर नावाची बाई घरी येते. बाळाचं वजन करते, आईची विचारपूस करते, आणि बाळ निजतं कुठे तेही बघते. तिने सांगितलंय की पाळण्यात गादी आणि बाळ, एवढंच. उशी नाही, सैल पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत, घरात टोपी नाही. खोली सोळा ते वीस डिग्री. बाळ उताणं. तिकडे १९९१ साली सरकारने बाळांना उताणं निजवा म्हणून मोठी मोहीम काढली आणि झोपेत दगावणारी मुलं एकदम कमी झाली. मृणालने हे सगळं वाचून काढलंय. जावई तर कायदाच घेऊन बसले. म्हणाले, इथे १९७६ पासून मुलांच्या बाहेर घालायच्या कपड्यांच्या टोपीत ओढायची दोरी ओवलेली चालत नाही, घसरगुंडीला, दारात अडकून गळ्याला फास बसतो. शहात्तर म्हणजे आपण बाईंकडे शिवणाच्या क्लासला बसत होतो तेव्हाचं, आणि तू माझ्या कापडाच्या कात्रीने चुरमुऱ्यांची पुडी कापलीस ते साल. त्या कात्रीला पुन्हा तशी धार आली नाही शालू, हे मी तुला दर दहा वर्षांनी सांगणार आहे.

मी त्यांना म्हटलं, तो कायदा सरकत्या दोरीचा. कुंचीचे बंद शिवलेले असतात, ते ओढून आवळत नाहीत. यावर ते गप्प बसले, पण मृणाल म्हणाली, ‘आई, गळ्याशी गाठ ती गाठच.’

आणि मला तुझ्या काकूंचा नंदू आठवला.

तुला आठवतच असेल. बहात्तरचं साल, शाळेत सुकडी मिळायची आणि आपण दोघी ती पोलक्याच्या खिशात घालून नंदूला चाटवायला पळायचो. त्या सकाळी काकू ज्या आवाजात हाका मारत होत्या तो अजून माझ्या कानात आहे. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं पोटात वारा धरला. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण शालू, त्यानंतर काही दिवसांनी काकूंनी त्याची कुंची धुऊन, घडी घालून माझ्या आईला परत आणून दिली. आईने शिवलेली होती ना ती. आईने हातात घेतली आणि दोघी दारातच उभ्या. आईने त्यानंतर कुणाची कुंची शिवली नाही. माझ्या मृणालचीही नाही. मला वाटायचं, कंटाळा. म्हणून मृणालची मी शिवली, आणि आता तिच्या मुलीची.

नंदू त्या रात्री कुंची घालून निजला होता का? मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. तुला आठवत असेल तर तुझ्याजवळच ठेव. कुंचीने काही झालं असं मला अजिबात म्हणायचं नाही. कुणालाच माहीत नाही आणि आता कळणारही नाही. पण मृणाल ‘गाठ ती गाठच’ म्हणाली तेव्हा मला वाद घालता आला नाही एवढं खरं. तिला मी नंदूचं सांगितलं नाही. बाळंतिणीला कशाला. हे तू आणि मीच.

उशीचं मला काही वाटत नाही. राईची उशी नसली तर डोकं चपटं होतं म्हणतात, पण जागेपणी बाळाला पोटावर ठेवा, डोक्याची बाजू बदलत राहा, की डोकं गोल राहतं, हे इथले बालरोगतज्ज्ञही सांगतात. गोधडी जमिनीवर अंथरायला चालेल म्हणाली. म्हणजे उत्तमच, गोधडीचा जन्म अंथरण्यासाठीच आहे. आईच्या दोन लुगड्यांची आहे ती, मध्ये ह्यांचं जुनं धोतर, आणि धावदोरा मी कडेपासून आत आत चौकोनात घेत गेले, तुझ्या काकू घ्यायच्या तसा. त्यावर ती लोळेल, पालथी पडेल. दुपटीही जागेपणी गुंडाळायला कामाची.

आणि मोज्यांवर तर ती हेल्थ व्हिजिटर जाम खूश झाली. त्यांच्याकडे बाजारातले हातमोजे आत उलटे करून बघतात, कारण आत सुटा धागा असला की तो बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि बोट काळंनिळं पडतं. माझे उलटे करून पाहिले तर आत दोराच नाही! बाईंनी शिकवलेली शिवण. आधी उलट बाजू उलट बाजूला लावून बारीक टीप, कड कातरून पाव इंचाच्या आत, मग पालटून दुसरी टीप, म्हणजे कड दोन टिपांच्या पोटात बंद. तू म्हणायचीस, एवढं कोण बघतंय आतून? आता बघ, लीड्सच्या बाईने बघितलं.

झबल्यांचं कापड मिळवायला मात्र जीव गेला. मलमल मागितली की पुढ्यात गुळगुळीत काहीतरी टाकतात आणि ‘प्युअर कॉटन’ म्हणतात. एका दुकानातून मीटरभर घेऊन आले, घरी कडेचा धागा काढून गॅसवर धरला तर आकसून त्याचा टणक मणी झाला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने उडते. हे कापड सोळा डिग्रीच्या खोलीत काय आणि आपल्या वैशाखात काय, कुठल्याच बाळाच्या अंगाला लावायचं नाही. ते मी पिशव्यांना वापरलं. शेवटी चांगली मलमल इचलकरंजीला जाऊन आणली. रात्रभर पाण्यात भिजवली, सावलीत वाळवली, मगच बेतली. मीटरभरात दोन झबली बसतात. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली, म्हणजे अंगाला फक्त कापड लागतं. आणि अगदी पहिलं झबलं नव्या कापडाचं करायचं नाही म्हणून माझ्या आईच्या वायलच्या साडीचं. ते तिने घातलंही. गळ्याला उरेब पट्टी लावताना मशीनची टीप जाडी वाटली म्हणून तेवढी हाताने घातली.

मशीन अजून तेच. २०१९ च्या पुरात गावभागातल्या घरात बुडालं होतं ते. लाकडी फळी फुगून फाटली, नवी घातली. पण लोखंड रॉकेलने धुतलं, तेल पाजलं, नवा पट्टा चढवला आणि निघालं की टकटक करत! मुलगा म्हणतो, आता इलेक्ट्रिक घे. पायाखाली चाल नसली तर मला वळण घेता येत नाही, हे त्याला कसं समजावू.

पण कुंची. माझा जीव तिथेच अडकलाय.

कारण ती तुझ्या खणाची आहे. गुळेदगुडचा तो हिरवा, लाल काठाचा, जो तू मला माझ्या ओटीत दिलास. (मी मागून घेतला असं तू गेली कितीतरी वर्षं म्हणतेस. सगळ्यांसमोर दिलास, साक्षीला तुझी सासू होती, आणि त्या माउलीने कधी माझी बाजू घेतली नाही तरी त्या दिवशी घेतली.) इतकी वर्षं ट्रंकेत लवंगा घालून ठेवला होता, कारण पोलक्यात घालवावासा वाटेना. मागच्या भागाला छोट्या चुण्या घातल्या, आतून मलमलीचं अस्तर, मागे रेशमाचे गोंडे. मृणाल म्हणाली, फारच सुंदर आहे, फ्रेम करून भिंतीवर लावते.

शालू, भिंतीवर? बाळाच्या डोक्यावर घालायचा कपडा काचेमागे? मला ते सहन होत नाही. त्या कापडाला बाळाच्या टाळूचा, तेलाचा वास लागायला हवा. काचेमागे ठेवायला मी एवढ्या बारीक चुण्या घातल्या नाहीत. ती प्रेमाने म्हणाली हे कळतं मला. तरी रात्री झोप लागली नाही.

सकाळी उठून कागदावर आखून बघितलं. बंद काढून टाकायचे. हनुवटीखाली रुंद पट्टी, एकावर एक येणारी, आणि तिला एकच टिचबटण. ओढलं की आपोआप सुटतं, फास बसतच नाही. बटण दोऱ्याने शिवलेलं नाही, ठोकून बसवायचं, म्हणजे निघून तोंडात जायला नको. गोंडेही काढायचे. आणि घालायची ती फक्त बारशाला, मांडीवर, सगळे बघत असताना. निजायच्या वेळी काढून ठेवायची. मृणालला विचारलं तर म्हणाली, ‘अशी चालेल, आई.’ तिच्या आवाजातलं ओझंही उतरलं, मला कळलं ते. टिचबटणं आणि अवजार तिथे मिळतं, जावई ठोकून देणार आहेत.

आता तूच सांग. खण तुझा, नंदू तुझा. कुंची बाळाने घालावी की घालू नये, हे मी तुला न विचारता ठरवणार नाही. तू नको म्हणालीस तर मी कारण विचारणार नाही आणि मृणालला सांगेन की लाव भिंतीवर. हो म्हणालीस तर बंद उसवायला सांगते.

आणखी एक काम आहे, यात मात्र तुला नाही म्हणायची सोय नाही. जानेवारीत मृणालला बोरन्हाण करायचंय, तिथली चार मराठी कुटुंबं जमणार आहेत. काळं झबलं माझ्याकडे लागलं. पण हलव्याचे दागिने या पोरीला कसे घालणार? गळ्यात दोरा नको, आणि काटेरी हलव्याचा एक दाणा सुटून तोंडात गेला तर? बोरं, चुरमुरे डोक्यावरून ओतणंही नको, मी फुलांच्या पाकळ्या घ्या म्हटलंय, लूट जमलेल्या मोठ्या पोरांना वेगळी वाटायची. तर मी असं योजलंय की दागिने झबल्यावरच भरायचे. गळ्याशी हार, बाह्यांच्या कडेला वाक्या, कमरेला पट्टा. पांढऱ्या दोऱ्याने गाठीचा टाका, दाट दाट, एकाला एक लागून. दोरा दुहेरी घेतला आणि सुईला तीन वेढे दिले की गाठ अगदी हलव्यासारखी काटेरी दिसते, मी तुकड्यावर करून पाहिलं. मागून सगळ्या गाठी झाकायला मलमलीचं अस्तर लावते, म्हणजे अंगाला टोचणार नाही.

पण माझ्या गाठी एकसारख्या येत नाहीत. तुझ्या येतात. बाई तुझा नमुना वर्गभर फिरवायच्या आणि मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. तेव्हा कापड बेतून, रंग जाईपर्यंत धुऊन, हाराची रेघ खडूने आखून पाठवतेय. शिवण घातलेली नाही, सपाट तुकडे आहेत, रिंगवर बसतील. तू हार भर, बाह्या आणि पट्टा मी भरते. तुझी दोन्ही मोतीबिंदूंची ऑपरेशनं झालीत, आता सबब चालायची नाही. दिवसाच बस, खिडकीशी, आणि मांडीवर पांढरं फडकं घे, म्हणजे काळ्या कापडाची वीण दिसते.

नीलला नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं झालं. इंदूरलाच आहे ना? सुनेचं आणि तुझं गॅसच्या शेगडीवरून जे चाललं होतं ते मिटलं का? भाऊंना नमस्कार सांग. पाय दाखवून घ्या म्हणावं, नुसतं तेल चोळून भागायचं नाही.

डिसेंबरच्या दहा तारखेपर्यंत हार माझ्याकडे परत आला तर पंधरवड्यात शिवून होतो. पुढे लीड्सला जायला वेळ लागतो. संक्रांत चुकली तरी रथसप्तमीपर्यंत चालतं, मृणालला सांगून ठेवलंय.

कुंचीचं मात्र लवकर कळव. बारसं पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. पत्र नको लिहूस, वेळेत यायचं नाही. नुसतं हो किंवा नाही पाठव.

तुझी,
विजू

ता. क. दोऱ्याच्या दोन लडी कापडातच गुंडाळल्यात. तुझ्याकडचा पांढरा वापरू नकोस, माझ्या बाह्यांशी रंग जुळायचा नाही. आणि कात्री तुझीच घे.