कान तपासता तपासता जे तुमच्या लक्षात आलं, त्याबद्दल

मॅडम,

सा. न. वि. वि.

तुम्ही रोज इतक्यांचे कान तपासता, की आमचे बाबा तुमच्या लक्षात असतीलच असं नाही. ‘हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात’ अशी तक्रार घेऊन आलेले ते गृहस्थ. आभार जाहीरपणे मानतेय, कारण आमच्यासारखी अडकून बसलेली घरं बरीच असणार.

तुमच्याकडे येण्याआधी घरात रोज खडाजंगी व्हायची. फोन ठेवून पाच मिनिटं होत नाहीत तोच पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न. एकच बिल दोनदा भरलेलं. आयुष्यभर हिशेब चोख ठेवणारा माणूस वहीची पानं मागेपुढे करत बसायचा आणि कुणी जवळ गेलं की वही मिटायचा. मित्रांबरोबरचा पत्त्यांचा डाव बंद केला. कारण काय, तर ‘ते लबाडी करतात’. डॉक्टरांचं नाव काढलं की ठरलेलं वाक्य : ‘मला वेड लागलंय असं म्हणायचंय का तुम्हाला?’ भाऊ म्हणे, काहीतरी थाप मारून नेऊ. आई म्हणे, वय झालं की होतंच. कान तपासायला मात्र बाबा लगेच तयार झाले, कारण दोष लोकांच्या पुटपुटण्याचाच निघणार याची त्यांना खात्री होती.

तुमच्या त्या बंद खोलीत ऐकणं थोडं कमी निघालं, पण मोठ्याने म्हटलेले शब्द त्यांनी जसेच्या तसे परत म्हटले. मला वाटलं, आता मशीन बसवायचं आणि घरी जायचं. तुम्ही सहज गप्पा माराव्यात तसं विचारत राहिलात. त्रास कधीपासून आहे? याआधी कान कुणी पाहिले? सध्या गोळ्या कुठल्या चालू आहेत? दर वेळी बाबांना प्रश्न नीट ऐकू आला, ते हसले, आणि त्यांनी मान माझ्याकडे वळवली. शाळेतल्या दिवसांबद्दल विचारलंत तेव्हा मात्र मान वळली नाही, गडी थांबेचना. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितलं की उत्तरासाठी सोबतच्या माणसाकडे असं वळणं तेही मुद्दाम पाहतात. अल्झायमरमध्ये ते बऱ्याचदा आढळतं, मात्र एवढ्यावरून निदान करत नाहीत.

कानाचा साचा द्यायला बाबा आत गेले, तेव्हा तुम्ही मला म्हणालात, ‘निदान करणं माझं काम नाही. पण त्यांना ऐकू येतंय आणि टिकत नाहीये. हे कुणीतरी बघायला हवं.’ स्वतःच्या कामाची हद्द सांभाळून, तरीही गप्प न बसता बोलणारी माणसं कमी भेटतात. पहिले आभार त्याचे.

दुसरे आभार याचे की बाबा हट्ट करत नाहीयेत, हे तुम्ही माझ्या गळी उतरवलंत. आजाराने मेंदूचा स्वतःच्या चुका टिपणारा भागच दुबळा झाला, की माणसाला आपलं काही बिघडलंय हे खरोखरच जाणवत नाही. डॉक्टर याला ॲनोसोग्नोसिया म्हणतात. बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी १९१४ साली हे नाव दिलं, ते अर्धांगवायू झालेल्या आणि तरीही ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्या रुग्णांवरून. म्हणजे पुरावे समोर ठेवून वाद घालणं फुकट. आमच्याकडे तर पुराव्यांची फाइलच तयार होती, भावाने केलेली. वादात ती चालली नाही, पण तुम्ही तिचा दुसरा उपयोग सुचवलात.

तुम्ही म्हणालात, त्यांची स्वतःची जी तक्रार असेल तिचं बोट धरून जा. बाबांची तक्रार होती झोपेची. ती घेऊन आम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि फाइलीतलं निवडून एक पानभर मजकूर त्यांना आधीच पोचवला : पूर्वी काय सहज जमायचं, आता काय अडतं, साधारण कधीपासून. डॉक्टर पेशंटची माहिती आम्हाला सांगायला बांधील नसतात, पण आम्ही त्यांना सांगायला कुणाची आडकाठी नाही. हे पान नसतं तर बाबांनी त्या दहा मिनिटांत डॉक्टरांनाही गुंडाळलं असतं. परक्यांसमोर ते असे काही खुलतात की आपणच वेडे ठरतो!

डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, बी-१२ कमी, ते भरून काढलं. झोपेसाठी बाबा स्वतःच्या मनाने सर्दीची एक जुनी गोळी घ्यायचे. तिनेही म्हातारपणी विसराळूपणा वाढतो, म्हणून ती बंद झाली. दोन्हीमुळे थोडी तरतरी आली, पण प्रश्न सुटला नाही. मग एमआरआय, आणि ३० गुणांची ती चाचणी, जिच्यात घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची असतात. ‘मशीन कानात घालूनच चाचणीला बसवा, नाहीतर न ऐकलेलंही न आठवलेल्यात धरलं जाईल,’ हे तुम्ही चिठ्ठीत लिहून दिलं होतंत. तिथल्या मॅडमनी ती चिठ्ठी वाचून खोलीचं दारही लावून घेतलं. निदान अल्झायमरचं झालं, सुरुवातीच्या टप्प्यातलं.

मशीनने आठवण परत येईल अशी आशा तुम्ही लावली नव्हतीत, तेही बरं झालं. नंतर मी वाचलं, की २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनी सरसकट फरक दिसला नाही. ज्यांना धोका जास्त होता त्यांच्यात मात्र घसरण मंदावली. तो अभ्यासही डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नसलेल्या लोकांवरचा. आमचा फायदा साधाच आहे. टीव्हीचा आवाज कमी झाला, आणि आई आता ओरडून बोलत नाही, त्यामुळे बाबाही चिडत नाहीत. गोळ्यांचा डबा आई भरते, बँकेचं भाऊ बघतो. सह्यांची आणि मुखत्यारपत्राची कामं बाबांना समजतंय तोवर, त्यांच्या संमतीने, उरकून घेतली.

‘डिमेन्शिया’ हा शब्द डॉक्टरांनी त्यांच्यासमोर एकदा स्पष्ट उच्चारला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, ‘बरा आहे डॉक्टर, पण त्या कानवाल्या बाईंना जास्त कळतं. कानच होता, तो झाला ठीक.’ त्यांचं हे मत खोडून काढायच्या फंदात आम्ही पडलेलो नाही. पुढच्या महिन्यात मशीनची तपासणी आहे, आणि तिला ते आनंदाने येणार आहेत.

आपली,
तुमच्या एका पेशंटची मुलगी