झेरॉक्सच्या दुकानातल्या दादा, मशीन बंद केलंस त्याबद्दल

दादा,

नाव घालू नका म्हणालास, म्हणून घालत नाही. पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही. कोल्हापूरच्या बिंदू चौकाजवळच्या तुझ्या चिंचोळ्या दुकानाची पायरी चढले, तेव्हा मी रडायचीच बाकी होते.

21 वर्षं मी शाळेत ग्रंथपाल आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घरी पुस्तकं द्यायची, हे पालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचं ठरवलं. एकच मेसेज एका वेळी अनेकांना वेगवेगळा जातो, त्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256च नंबर बसतात, म्हणून दोन लिस्ट केल्या. रात्री जागून एकेक नंबर भरला. शनिवारी पालक आले नऊ. "पालकांना वाचनाचं काही पडलेलं नाही," असं स्टाफरूममध्ये ठरूनही गेलं.

ज्यांना विचारायचं त्यांना विचारून झालं होतं. सॉफ्टवेअर देऊन गेलेल्या माणसानं पैसे मिळाल्यावर फोन उचलणं सोडलं. प्रशिक्षणाला आलेल्या साहेबांना शंका विचारली, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, हे बेसिक आहे." तो शब्द अजून टोचतो. एक सहकारी माझ्या हातातून मोबाईल घेऊन काहीतरी खटाखट दाबायचा आणि "झालं" म्हणून परत द्यायचा. काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.

तू आधी विचारलंस, "बाई, हे बघणार कोण?" पालक, मी म्हटलं. "मग आमच्या आईच्या मोबाईलवर टाकून बघूया की."

आई आत स्पायरल बाइंडिंग करत बसल्या होत्या. पदराला हात पुसून त्यांनी मोबाईल दिला. काचेला तडा, मागं रबरबँड. माझा मेसेज आलाच नाही. समोरच्यानं आपला नंबर सेव्ह केलेला नसेल, तर ब्रॉडकास्ट त्याला पोचतच नाही! एवढंच होतं ते, आणि मी महिनाभर पालकांना बोल लावत होते. नंबर सेव्ह केल्यावर मेसेज आला, पण मोबाईल भरलेला, पुस्तकांच्या यादीची पीडीएफ उतरेना. मजकूर चिकटवला तर जुन्या डीटीपी फॉन्टमुळं नुसता चिन्हांचा चिखल. आई शांतपणे म्हणाल्या, "मला कुठं एवढं वाचाय येतंय? बोलून सांगा की."

मी व्हॉइस मेसेज करायला लागले आणि तू झेरॉक्सचं मशीन बंद केलंस. काउंटरवर दोन पोरं हॉल तिकिटं घेऊन उभी होती. त्यांना म्हणालास, "दोन मिनिटं थांबा, बाई बोलायल्यात." ती पोरंही गप्प उभी राहिली. तीनदा चुकले, तीनदा परत बोलले. मशीन बंदच होतं. इतक्या वर्षांत माझ्या कामासाठी कुणी आपलं काम थांबवलेलं मला आठवत नाही.

पुढचं सगळं होत गेलं. यादी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत आली, पालकसभेत नंबर सेव्ह करून घेतले. ग्रंथपालनाच्या वर्गात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे 1931चे पाच नियम आम्ही घोकले होते. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा त्यातला तिसरा. मी तो कायम कपाटाच्या बाजूनं बघितला. तुझ्या आईंनी घराच्या बाजूनं दाखवला. 1850 पासून नगर वाचन मंदिर चालवणाऱ्या या गावात लोकांना वाचायला नको आहे, हे मी तरी कसं खरं मानलं? परवा एक आई पोराला घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "तुमचाच आवाज न्हवं?" पोरानं दोन पुस्तकं नेली, एक तिच्यासाठी मोठ्यानं वाचायला.

समोरच्याला अडाणी न ठरवता शिकवणारी माणसं फार थोडी भेटतात, दादा. तुम्ही दोघं भेटलात.

आईंना नमस्कार सांग. शुक्रवारचा मेसेज त्यांना अजून जातो. तुमचा नंबर काढू का, असं मी विचारलं होतं. त्यांनी बोलूनच उत्तर पाठवलं: "राहू दे की बाई, ऐकतीय मी."