ताई, आधी चकाकी बघ

प्रिय ताई,

सा. न.

तू पाठवलेले जलरंगांच्या चित्रांचे तिन्ही फोटो मोठे करून नीट बघितले. पहिल्यात कागद कौलासारखा वळलाय, दुसऱ्यात आभाळाच्या मधोमध पांढरट नागमोडी कड उमटलीय आणि तिसऱ्यात शाईच्या रेघा फुटून रंगात उतरल्यात. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, पाणी. ते कागदात किती मुरलंय, वर किती उरलंय, आणि खालचा थर त्या पाण्याने परत सुटतोय का, एवढं ओळखता आलं की मेण, शाई, गेसो (रंगाखाली द्यायचा पांढरा लेप), कोलाज, तुला जे जे करून बघायचंय ते सगळं जमेल. म्हणून या वेळी पत्र लांबलंय.

सगळ्यात आधी कागद. २०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद पाण्याने वळणारच, त्यात तुझी चूक नाही. ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे थोडा खडबडीत पोताचा, घे. काटकसर करायचीच तर रंगांत कर, ब्रशांत कर, कागदात करू नकोस. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर ओल एकसारखी टिकत नाही; एकीकडे वाळतो, दुसरीकडे ओला राहतो, आणि दुसरा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, देताना पहिला उठून येतो. कॉटनचा कागद पाणी धरून ठेवतो आणि घासाघीसही सोसतो.

भरपूर पाण्याचं काम असेल तर ३०० चा कागदही लाटा धरतो, म्हणून तो ताणून बसवायचा. १२ मिमी प्लायवूडची फळी घे आणि ओली केल्यावर चिकटणारी तपकिरी कागदी गमटेप, साधारण ५ सेंमी रुंद. मास्किंग टेप इथे चालत नाही, ओल्या कागदाला ती धरतच नाही. टेपच्या चार पट्ट्या आधीच कापून कोरड्या जागी ठेव. कागद गार पाण्यात चार-पाच मिनिटं बुडव, एक कोपरा धरून निथळू दे, फळीवर पसर आणि कडा फडक्याने टिपून घे. टेप स्पंजने फक्त ओलसर कर. चिंब केलीस तर तिच्यावरचा गोंदच धुऊन जातो. निम्मी कागदावर, निम्मी फळीवर. फळी आडवीच वाळू दे. भिंतीला टेकवली की पाणी खालच्या कडेला उतरतं, वरची बाजू आधी आकसते आणि ओल्या कडेची टेप सुटते. ६४० जीएसएमच्या कागदाला यातलं काहीच लागत नाही, पण प्रयोगांसाठी तो वापरणं जिवावर येतं.

आता मुख्य गोष्ट. वॉश दिल्यावर फळी डोळ्यांच्या पातळीवर आण, खिडकीचा उजेड कागदावर तिरपा पडू दे आणि नुसतं बघत राहा. आधी पाणी साचलेलं असतं, त्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. या वेळी सोडलेला रंग वाट फुटेल तिकडे जातो. मग पाणी मुरतं आणि सगळीकडे सारखी चकाकी उरते. ढग, धुकं, लांबची झाडी, ओल्यावर ओला रंग सोडायचं, म्हणजे वेट-इन-वेटचं सगळं काम याच वेळी. थोड्या वेळाने चकाकी मावळायला लागते. कागदाच्या पोताची उंच टोकं आधी मंद होतात आणि खळग्यांत तेवढी ओल लुकलुकत राहते. हा टप्पा जेमतेम मिनिटा-दोन मिनिटांचा असतो. त्यानंतर कागद वाळल्यासारखा दिसतो, पण हाताची मागची बाजू कडेला हलकेच टेकवली की गार लागतो. गार लागतोय म्हणजे आतलं पाणी अजून उडतंय. इथे हात बांधून बसायचं. गारवा पूर्ण गेला की मगच पुढचा थर.

बहुतेक चित्रं त्या मंद पण गार अवस्थेत बिघडतात. तुझं आभाळही तिथेच बिघडलं असणार. वॉश अर्धवट वाळलेला असताना त्याहून जास्त पाण्याचा ब्रश लागला की कोरडा होऊ लागलेला कागद ते पाणी ओढून घेतो. पाणी वाटेतला सुटा रंग ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे तो टाकून देतं. तीच ती नागमोडी कड. म्हणून ओल्यावर जाणारा ब्रश कागदापेक्षा कमी ओला हवा आणि त्यातला रंग कागदावरच्या रंगापेक्षा घट्ट हवा. टेपच्या कडेला साचलेलं पाणीसुद्धा असंच मागाहून आत शिरतं. ते पिळलेल्या ब्रशने लगेच उचल. कड उमटलीच आणि अजून ओल असेल तर तिला हात लावू नकोस. पूर्ण वाळू दे, मग ओलसर ब्रशने कडेवरून दोन-तीनदा फिरवून टीपकागदाने टिप.

वाळलेल्या वॉशच्या बाहेरच्या कडेला बारीक गडद रेघ येते तिचं कारण मात्र वेगळं. थेंबाच्या कडेला पाणी लवकर उडतं, ती जागा भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना रंगाचे कण घेऊन जातं. शिकागो विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९७ साली कॉफीच्या डागावर हेच दाखवून दिलं होतं. ती रेघ नको असेल तर ओलं असतानाच कडेवरून स्वच्छ, ओलसर ब्रश फिरव. मला स्वतःला ती आवडते. पानांना आणि दगडांना ती शोभून दिसते.

मिठाचा प्रयोग चकाकी मावळू लागते त्या मिनिटा-दोन मिनिटांत करायचा. जाडं मीठ, चिमटीत मावतील तेवढेच दहा-बारा खडे, लांब लांब टाक. प्रत्येक खडा आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, पाण्याबरोबर रंग येतो आणि खड्याभोवती फिकट चांदणी उमलत जाते. आधी टाकलंस तर मीठ विरघळून नुसता डाग पडतो, उशिरा टाकलंस तर काहीच होत नाही. मूठभर टाकलंस तर चांदण्या एकमेकींत मिसळून सगळं गढूळ होतं. हेअर ड्रायर लावू नकोस, चांदणी उमलायला वेळ लागतो. पूर्ण वाळल्यावर कोरड्या हाताने खडे झाडून टाक, एकही राहू देऊ नकोस; मीठ हवेतली ओल धरतं आणि पुढे त्या जागी डाग येतो.

मिठासारखंच स्पिरिट. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ड्रॉपरने त्याच वेळी थेंब थेंब सोड. त्याचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असल्यामुळे भोवतालचं पाणी रंगासकट बाहेर सरकतं आणि मध्ये फिकट गोल उरतो, कडेला गडद कडं. खिडकी उघडी ठेव, जवळपास ज्योत नको. क्लिंग फिल्मला (अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकला) घाई नसते: चांगल्या ओल्या वॉशवर चुरगळून बसव, वर पुस्तक ठेव आणि रात्रभर विसरून जा. लवकर उचललीस तर सगळे आकार परत एकमेकांत वाहतात.

कागद पांढरा राखायच्या जागा झाकायचं मास्किंग फ्लुइड रबराच्या चिकासारखं असतं. बाटली हलवू नकोस, बुडबुडे येतात आणि प्रत्येक बुडबुड्याच्या जागी नंतर रंगाचा ठिपका पडतो. जुना ब्रश आधी साबणात बुडवून घे, नाहीतर तो कायमचा गेला. कागद पूर्ण कोरडा हवा. ओलसर कागदात ते तंतूंमध्ये शिरतं आणि काढताना कागदाची साल निघते. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नकोस आणि त्यावर गरम हवा तर मुळीच मारू नकोस.

रंगांबद्दल थोडंच. ट्यूबवरच्या नावापेक्षा पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, कोड वाच. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, त्याचे कण खळग्यांत बसतात आणि दाणेदार पोत येतो. थॅलो ब्लू म्हणजे पीबी १५, तो कागदात रुततो आणि उचलला जात नाही, त्यामुळे मिठाच्या चांदण्याही त्यात फिक्या पडतात. बर्न्ट सिएना, पीबीआर ७, अल्ट्रामरीनमध्ये मिसळला की जिवंत करडा मिळतो. प्रयोगांना एवढे तीन आणि एक क्विनाक्रिडोन रोझ, पीव्ही १९, पुरेत.

आता मिश्र माध्यम. इथे क्रम चुकला की सगळं चुकलं, आणि क्रम ठरतो तो प्रत्येक थर कशाने बांधलाय त्यावरून. जलरंग आणि ग्वाश (अपारदर्शक जलरंग) डिंकाने बांधलेले असतात, वाळल्यावरही पाण्याने सुटतात. अ‍ॅक्रिलिकचं काहीही, शाई, गेसो, मॅट मीडियम (बिनचमकीचा पारदर्शक चिकट लेप), वाळलं की प्लास्टिकसारखा पापुद्रा होतं, पाण्याने हलत नाही. मेण आणि ऑइल पेस्टल पाण्याला जवळच करत नाहीत.

तुझ्या शाईचं उत्तर इथेच आहे. ती शाई विरघळणाऱ्या रंगाची असणार. पाण्यात न सुटणारी पिगमेंटची शाई घे, अ‍ॅक्रिलिकची किंवा लाखेची. लाखेची शाई फाउंटन पेनात भरू नकोस, पेन चोंदतं. टाकाने किंवा ब्रशने वापर. तरीही परीक्षा घे: त्याच कागदाच्या तुकड्यावर पाच रेघा मार आणि दहा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी एकेकीवरून ओला ब्रश फिरव. सायझिंग केलेल्या, म्हणजे खळ दिलेल्या, कागदावर शाई वर तरंगते आणि साध्या वहीच्या कागदापेक्षा वाळायला वेळ घेते. पाचवी रेघ तुलनेला तशीच ठेव.

मेणाला माझं झुकतं माप आहे. पांढरी मेणबत्ती टेकवून कोरड्या कागदावर तिरकी घास: कोल्ड प्रेस्डच्या फक्त टोकांवर मेण बसतं आणि वॉश खळग्यांत उतरतो. पाण्यावरची चमक, जुनी भिंत, झाडाची साल यातून फार खरी दिसते. पहिला वॉश वाळल्यावर परत मेण घासलंस तर ती छटा त्या जागी जपली जाते, आणि वर गडद वॉश. असे तीन थर होतात. मेण लावलेली जागा परत रंग घेत नाही, म्हणून हात आखडता ठेव. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरने १९४०-४१ मध्ये लंडनच्या भुयारी स्टेशनांत आसरा घेतलेल्या माणसांची चित्रं मेणाचे खडू, त्यावर जलरंगाचे वॉश आणि शाई अशीच केली. माणसांच्या अंगावर मातीचा, दगडाचा पोत आलाय तो त्या मेणामुळे.

ग्वाश वाळलेल्या जलरंगावर चालतो, पण तोही पाण्याने खालचा थर उठवतो. पातळ सायीइतका दाट ठेव, एका फटक्यात लाव, परत घासू नकोस. जाड थापलास तर वाळताना भेगा पडतात.

जलरंगाच्या खाली साधा अ‍ॅक्रिलिक गेसो दिलास तर रंग त्यावर थेंब थेंब गोळा होतो, आणि बसला तरी पुढच्या ब्रशने पुसला जातो. त्यासाठी जलरंगाचा वेगळा शोषक ग्राउंड, म्हणजे खालचा लेप, मिळतो. दोन पातळ थर, दुसरा पहिल्याला आडवा, आणि वर २४ तास थांबायचं. तुझ्याकडे पावसाळी दमट हवेत ४८ समज. इथे हीटरच्या कोरड्या हवेत सगळं लवकर वाळतं, म्हणून पत्रातल्या वेळा तू वाढवूनच धर. रंग तरी गोळा होत असेल तर पाण्यात ऑक्सगॉलचे (बैलाच्या पित्तापासून केलेल्या द्रवाचे) दोन-तीन थेंब टाक, त्याने पाण्याचा ताण मोडतो. गेसो लावलेला ब्रश मात्र त्याच क्षणी धू.

कोलाज शक्यतो आधी कर. पातळ कागद मॅट मीडियमने चिकटव: खाली एक हात, कागद, मधून कडेकडे हवा काढ, वर एक हात, मग ग्राउंड. जलरंग आधीच झाला असेल तर चिकट हात वरून फिरवू नकोस, रंग ओढला जातो. तुकड्याच्या पाठीलाच लाव आणि दाब. वर्तमानपत्राचं कात्रण वापरू नकोस, त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे ते पिवळं पडून तुकडे पडतात. ओळी हव्याच असतील तर लेझर प्रिंट काढून घे. घरच्या इंकजेटची शाई बहुतेक वेळा मीडियम लागताच फुटते. रंगीत टिश्यूचा रंगही सुटतो आणि उन्हात उडतो.

ऑइल पेस्टलने वरचे उठाव द्यायचे असतील तर ते सगळ्यात शेवटी. त्यावर पाणी, गोंद, काहीच नाही.

उडणाऱ्या रंगाचं दुखणं जुनं आहे. इंग्लंडमध्ये रसेल आणि अ‍ॅब्नी यांनी उजेडाचा जलरंगांवर काय परिणाम होतो याचा अहवाल १८८८ मध्येच दिला होता. अ‍ॅलिझरिन क्रिमझन, पीआर ८३, पातळ वॉशमध्ये आजही उडतो. तुझ्याकडच्या प्रत्येक रंगाची आणि शाईची पट्टी काढ, निम्मी काळ्या कागदाने झाक आणि उन्हाच्या खिडकीत दोन-तीन महिने चिकटवून ठेव.

हे सगळं मोठ्या चित्रावर करू नकोस. ५६ × ७६ सेंमीच्या एका तावातून १० × १५ सेंमीचे २५ तुकडे निघतात. एका तुकड्यावर एकच गोष्ट बदल: रंग तोच, पाणी तेवढंच, मीठ फक्त दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या मिनिटाला. पाठीमागे पेन्सिलने लिही, रंगाचा कोड, किती पाणी, कितव्या मिनिटाला काय केलं आणि हवा कशी होती. पेनने लिहू नकोस, ओल लागून पुढे उतरतं.

आई-बाबांना नमस्कार सांग. तुकड्यांचे फोटो पाठवशील तेव्हा पाठीमागचेही पाठव, बिघडलेल्यांचे आधी.

तुझीच,
धाकटी