मीटर बरोबर, जोडणी उलटी, भुर्दंड ग्राहकाला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थ्री फेज मीटर कसा बसवावा आणि तो नीट चालतो की नाही हे आपलं आपण कसं तपासावं, यावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. भाषा सोपी आहे, लेखकांनी मेहनत घेतली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांनी सांगितलेली तपासणी काय, तर सगळे स्विच बंद करा, मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला की मीटर ठीक समजा. एवढ्यावर निर्धास्त व्हायचं असेल तर माझा मीटर अत्यंत आदर्श होता. सगळं बंद केलं की तो शहाण्यासारखा गप्प बसायचा. चालू केलं की वापराच्या एक तृतीयांश युनिटं दाखवायचा. आणि मीटरमध्ये काडीचाही दोष नव्हता!

दिवा थांबतो का हे पाहण्याला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. लोड नसताना मीटर पुढे सरकत नाही ना, आतल्या वायरिंगमध्ये कुठे गळती नाही ना, एवढं त्यातून कळतं. पण तीन फेज चार वायरचा मीटर म्हणजे खरं तर एका डब्यात बसवलेले तीन मीटर. प्रत्येक फेजचं व्होल्टेज, त्याच फेजचा करंट आणि त्या दोघांमधला कोन, असा हिशेब तो तीनदा करतो आणि शेवटी बेरीज घालतो. या बेरजेत एक आकडा उणे झाला तर? तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर एक अधिक एक उणे एक, म्हणजे तीनाच्या जागी एक. एका फेजचं व्होल्टेज मीटरपर्यंत पोचलंच नाही तर तीनाच्या जागी दोन. आणि मोठा करंट प्रमाणात लहान करून मीटरला देणारे जे सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर असतात, त्यातल्या दोघांची आपसात अदलाबदल झाली, आर, वाय, बी या तीन फेजपैकी वायचा करंट बीच्या व्होल्टेजशी आणि बीचा वायच्या व्होल्टेजशी जोडला गेला, तर समतोल लोडवर बेरीज चक्क शून्य. कारखाना धडधडतोय आणि मीटर ढिम्म. हे तिन्ही मीटर लेखातल्या परीक्षेत बिनबोभाट पास होतील. चार वायरच्या जोडणीत मोजणारे घटक तीन लागतात, हे ब्लाँडेल नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं १८९३ मध्येच मांडून ठेवलं आहे. ते तिन्ही घटक योग्य दिशेनं, योग्य फेजला जोडलेत का, एवढं बघायला कुणालाही वेळ नसतो.

माझ्याकडे घडलं ते सांगतो. लहान वर्कशॉप आहे, लेथ, कॉम्प्रेसर, ड्रिल मशीन. बहुतेक सगळ्या थ्री फेज मोटारी, त्यामुळे लोड बऱ्यापैकी समतोल. जुना मीटर काढून सीटीवाला नवा मीटर बसवायला वीज कंपनीची माणसं आली. घाईत होती. एका सीटीच्या एस-वन आणि एस-टू या मीटरकडे जाणाऱ्या वायरी उलट्या लागल्या आणि त्या फेजचा आकडा उणे झाला. झाकण लावलं, सील ठोकलं, माझी सही घेतली आणि गेली. सही कशाची, तर मीटर समाधानकारकरीत्या बसवून मिळाल्याची. बंद पेटीतल्या सीटीचं तोंड कुठल्या बाजूला आहे, हे मला बाहेरून दिसत असावं अशी त्यांची समजूत दिसते.

पुढचं बिल धाडकन खाली आलं. ते घेऊन मी काउंटरवर गेलो. कमी बिलाची तक्रार घेऊन आलेला माणूस त्यांनी बहुधा प्रथमच पाहिला. ‘नवा मीटर अचूक असतो हो, जुनाच पळत असेल,’ असं सांगून माझी बोळवण केली. मी लेखी अर्ज दिला, त्याची पोच आजही माझ्याकडे आहे. त्यावर उत्तर आलं की शंका असल्यास चाचणीची फी भरा, मीटर काढून प्रयोगशाळेत पाठवू. आपल्या लेखकांनीही शेवटच्या परिच्छेदात हाच सल्ला दिला आहे. अहो, मीटर काढून प्रयोगशाळेत नेला की दोष इथे भिंतीवरच राहतो! सीटी इथे, उलट्या वायरी इथे, आणि तिकडे मीटर बाकावर सुलट जोडून तपासणार. क्लास वनचा मीटर एक टक्क्याच्या मर्यादेत निघणार आणि अहवालावर ‘मीटर ठीक’ असा शिक्का बसणार. फी भरून मी तेवढंच विकत घेतलं असतं.

अर्जावर कुणी आलं नाही. आलं ते भरारी पथक, आणि तेही अर्जामुळे नव्हे. आधी मला चोर समजूनच त्यांची बोलणी सुरू झाली. मग सीलं पाहिली. सगळी जागच्या जागी, त्यांचीच. मग वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, मीटरच्या पडद्यावरचे आकडे बघितले आणि आपसात कुजबुज झाली. वायरी सुलट करायला किती वेळ लागला म्हणता? माझा चहा पिऊन होईस्तोवर काम संपलं होतं.

त्यानंतर फरकाचं बिल. आजवर एक तृतीयांश भरलं, दोन तृतीयांश राहिलं. म्हणजे जेवढं भरलं त्याच्या दुप्पट रक्कम, एकरकमी. वापरलेल्या विजेचे पैसे द्यायला माझी ना नाही. पण आलेल्या बिलांवरून मी कामाचे दर ठरवले, माल देऊन झाला, आता त्या गिऱ्हाइकांच्या मागे वसुलीला कुठे फिरू? जोडणी करणाऱ्याचं काय झालं, असं विचारलं तर ‘तो ठेकेदाराचा माणूस होता’. सील तुमचं, ठेकेदार तुमचा, माझा अर्ज तुमच्या फायलीत, आणि निस्तरायचं मी. उत्तम!

सगळ्यात संताप याचा की मीटर स्वतः सांगत होता. त्याचं बटन दाबत गेलं की पडद्यावर एकेका फेजचं व्होल्टेज, करंट आणि त्या दोघांमधल्या कोनावर ठरणारा पॉवर फॅक्टर येत जातं. एका फेजच्या करंटमागे उणे चिन्ह होतं. सीटी उलटी असल्याची नोंद तारीख-वेळेसकट मीटरच्या मेमरीत पडलेली होती. दर महिन्याला रीडिंगवाला यायचा, युनिटांचा फोटो काढायचा आणि पुढच्या दाराला जायचा. ते बटन दाबणं त्याच्या कामात बसत नसावं.

मात्र लेखक पुढच्या भागात उणे चिन्हाविषयी लिहिणार असतील तर जपून लिहावं, नाहीतर गावभर सीटी उलट्या करायची साथ यायची. दोन फेजवर चालणारं वेल्डिंग मशीन असेल आणि त्याचा पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली असेल, तर जोडणी बिनचूक असूनही एका फेजचा आकडा उणे दिसतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या वेल्डिंग सेटचा पॉवर फॅक्टर एवढा खाली सहज जातो. वेल्डिंग बंद करून मोटारींवर पाहिलं तरच खरं काय ते कळतं. शिवाय काही मीटर असे बनवलेले असतात की करंट उलटा आला तरी ते तो सुलटच धरून मोजतात. तेव्हा आधी आपला मीटर कुठल्या जातीचा आहे हे पाहावं.

मग तपासायचं कसं? एकेक फेज सुटी करून. थेट जोडणीचा मीटर असेल तर दोन किलोवॉटचा हीटर आधी आर फेजवर, मग वायवर, मग बीवर, तीन-तीन मिनिटं चालवावा. बाकी सगळं बंद. मीटरवर एका युनिटला १६०० लुकलुका असं छापलेलं असेल तर तीन मिनिटांत ०.१ युनिट, म्हणजे १६० लुकलुका झाल्या पाहिजेत, आणि तिन्ही फेजवर साधारण सारख्याच. व्होल्टेजही बघून ठेवावं. २३० व्होल्टचा हीटर २१० वर चालवला तर तो ८३ टक्केच वीज खातो, दिवा १३३ वेळा लुकलुकतो, आणि लोक ओरडतात मीटर हळू चालतो म्हणून. सीटीवाल्या मीटरला हीटर पुरत नाही. तिथे मोठी मोटार चालू असताना पडद्यावरचा करंट आणि क्लॅम्प मीटरवरचा करंट यांचा मेळ घालावा लागतो. हे काम माहीतगार वायरमनकडूनच करून घ्यावं.

याच ओघात, बिलावर ‘गुणक अवयव’ म्हणून एक आकडा असतो, मीटरवरची युनिटं ज्यानं गुणायची तो, त्याच्याबद्दल लेखात चकार शब्द नाही. सीटी २००/५ ची, म्हणजे २०० अँपिअरचे ५ करून देणारी असेल आणि मीटर दुय्यम, म्हणजे त्या लहान केलेल्या करंटच्या बाजूचे आकडे दाखवत असेल तर गुणक ४० हवा. सीटी बदलून १००/५ ची बसवली आणि बिलात ४० तसाच राहिला, तर तुम्ही दर महिन्याला दुप्पट भरताय. सीटीवरची पाटी आणि बिलावरचा आकडा समोरासमोर धरून पाहायला काही ज्ञान लागत नाही.

आता ज्या वाक्यामुळे मी हे पत्र लिहायला बसलो ते. ‘गरज वाटल्यास टर्मिनल कव्हर उघडून स्क्रू आवळून घ्यावेत.’ संपादक महाशय, हे छापण्यापूर्वी कुणी वाचलं होतं का? एक तर कव्हरला सील असतं. ते तुटलं की ग्राहकावर छेडछाडीचा ठपका येतो. माझी सीलं शाबूत नसती तर हे पत्र मी कुठून लिहिलं असतं देव जाणे. दुसरं, लोड चालू असताना सीटीची दुय्यम बाजू उघडी पडली तर तिच्या टोकांना जिवावर बेतेल इतकं व्होल्टेज तयार होतं. जाणकार माणूस आधी टेस्ट टर्मिनल ब्लॉकच्या पट्ट्या सरकवून सीटी शॉर्ट करतो, मगच मीटरच्या बाजूला हात घालतो. तिसरं, तोच स्क्रू न्यूट्रलचा असेल आणि चुकीच्या दिशेनं फिरला, तर कमी लोडच्या फेजवर २३० चं व्होल्टेज चढत चढत ४०० च्या दिशेनं जातं आणि त्या फेजवरची उपकरणं जळतात. स्क्रू आवळायलाच हवेत, त्यातही ॲल्युमिनियमची केबल असेल तर लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची टोपी, क्रिम्प करून (दाबून) घट्ट बसवायला हवा, हे शंभर टक्के खरं. पण ते बसवणाऱ्यानं, सप्लाय बंद असताना, सील लावण्यापूर्वी. रविवारी सकाळी वाचकानं पेपर एका हातात धरून नव्हे.

माझं प्रकरण अजून मिटलेलं नाही. वसुली मीटर बसवला त्या तारखेपासून लावली आहे. मीटरच्या मेमरीतल्या नोंदींची प्रत मी मागितली आहे, ती द्यायला टाळाटाळ चालू आहे. मी अर्ज दिल्यानंतरच्या महिन्यांचा भुर्दंड माझ्यावर का, याचं उत्तर द्यायलाही कुणी तयार नाही. लेखकांच्या वीज खात्यात ओळखी आहेत असं लेखावरून वाटलं. पुढच्या भागासाठी हे दोन प्रश्न त्यांनी तिथे जरूर विचारावेत. आणि तो स्क्रूचा सल्ला उद्याच्याच अंकात, चौकटीत, मागे घ्यावा.

कळावे,
आपला,
एक वर्कशॉपवाला वाचक

ता. क. : लेखासोबतच्या जोडणीच्या आकृतीत लाल, पिवळी, निळी आणि काळी तार कुठे लावायची ते दाखवलं आहे, आणि आकृती छापली आहे कृष्णधवल. चारही तारा सारख्याच राखाडी. त्यात पुन्हा जुन्या पद्धतीत निळी तार म्हणजे तिसरी फेज आणि नव्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत निळी म्हणजे न्यूट्रल, त्यामुळे नुसत्या रंगाच्या नावावर विसंबणं धोक्याचं. रंगीत पानं जाहिरातींसाठी राखून ठेवायची असतील तर आमची हरकत नाही, पण निदान तारांवर आर, वाय, बी, एन अशी अक्षरं तरी टाका.