व्हिज्युअल नॉव्हेललाही पुरवणीत जागा द्या

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत गेमिंगवर जो लेख आला त्यात व्हिज्युअल नॉव्हेलला, म्हणजे स्थिर चित्रांसोबत गोष्ट वाचत आणि मध्येमध्ये पर्याय निवडत खेळायच्या गेमला, फोटोंचा स्लाइडशो म्हणून एका ओळीत उडवून लावलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. चित्र हलत नाही ही या प्रकाराची ताकद आहे, आणि त्यात मारामारी असेल तर जास्तच.

जुनी ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघा ना. 1963 मध्ये ॲस्ट्रो बॉय टीव्हीवर सुरू झालं तेव्हा दर आठवड्याला एपिसोड द्यायचा आणि पैसा तुटपुंजा, म्हणून ते बनवणाऱ्या ओसामू तेझुकांच्या स्टुडिओने कमीत कमी चित्रांत भागवायची पद्धत बसवली. त्याच स्टुडिओत घडलेले ओसामू देझाकी, त्यांनी 1980 मध्ये जो नावाच्या बॉक्सरची दुसरी मालिका केली, तिच्यात ऐन मोक्याच्या क्षणी फ्रेम गोठते आणि तेच चित्र जाड रेषांचं, हाताने रंगवलेलं होऊन समोर येतं, बघणारा तिथेच खिळतो. रेट्रो ॲनिमेच्या धर्तीवरचा ॲक्शन व्हिज्युअल नॉव्हेल हेच तंत्र वापरतो, फक्त पुढे काय करायचं ते वाचणाऱ्याच्या हातात असतं.

आणि यात ताओ, म्हणजे चीनमधल्या जुन्या धर्मपंथाच्या, लोककथा आल्या की अजून मजा येते. लेखात त्यांना 'चिनी भुतंखेतं' म्हटलंय, हे मला अजिबात पटलं नाही. च्यांगशीचंच घ्या. हा ताठरलेला मुडदा, अंगात छिंग राजवटीच्या अधिकाऱ्याचा झगा, हात समोर सरळ, आणि सांधे वळत नाहीत म्हणून उड्या मारत येतो. ताओ पुजारी पिवळ्या कागदावर लाल हिंगुळाने मंत्र लिहून त्याच्या कपाळावर चिकटवतो, की तो जागच्या जागी थांबतो, कागद उडाला की परत सुरू. त्याला माणूस कळतो तो श्वासावरून, म्हणून तो जवळ आला की श्वास रोखायचा. पुजाऱ्याकडे पीचच्या लाकडाची तलवार असते, चिकट भाताचे तांदूळ असतात. यामागे चीनच्या पश्चिम हुनान भागातली एक समजूत सांगतात, की परमुलखात मेलेल्या मजुरांची प्रेतं पुजारी रात्री चालवत त्यांच्या गावी नेत, म्हणजे मुळात ही माणसाला घरच्या मातीत पोचवायची गोष्ट आहे हो, नुसतं घाबरवायची नाही. 1985 च्या हाँगकाँगच्या मिस्टर व्हँपायर सिनेमात लॅम चिंग-यिंग यांनी असा पुजारी केला आणि पुढे जपानमध्येही पोरं च्यांगशीच्या मागे वेडी झाली.

आता हे गेममध्ये कसं बसतं बघा. च्यांगशी तोंडासमोर आलाय, चित्र थांबलंय, स्क्रीनवर दोन पर्याय आहेत आणि वेळेची पट्टी संपत चाललीये, आणि जीव वाचवायचा असेल तर तुम्ही कशालाच हात लावायचा नाही, श्वास रोखून पट्टी संपू द्यायची! धावत्या गेममध्ये बटणं बडवायची सवय लागलेल्या पोराला हे केवढं अवघड जाईल, आणि लोककथेतला नियम त्याला कुणी न शिकवता कळेल.

शिवाय हे सगळं वाचायचं असतं, पानंच्या पानं. पोरं वाचत नाहीत म्हणून तुमच्याच पेपरात दर महिन्याला कुणीतरी हळहळतं आणि जिथे ती तासन् तास वाचतायत त्याची दखल एका ओळीत!

माझी मागणी एवढीच की पुरवणीत महिन्यातून एकदा तरी एका व्हिज्युअल नॉव्हेलचं नीट परीक्षण छापा, पुस्तकाचं छापता तसं, म्हणजे गोष्ट, चित्रं, संगीत आणि त्यामागची लोककथा कुठली हेही येऊ दे. रेनपाय नावाचं सॉफ्टवेअर 2004 पासून फुकट मिळतंय, त्यावर एकटा माणूससुद्धा असा गेम बनवू शकतो, त्याचीही माहिती द्या. मराठीतून बनवणारी पोरं निघाली तर त्यांच्या पहिल्या गेमचं परीक्षणही तुमच्याच पेपरात यावं.

आपला नेहमीचा वाचक,
सातारा