भुरीच्या काकाजींना

काकाजी, सादर नमस्कार.

आमच्या भुरीच्या, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाच्या, लसी पूर्ण झाल्या, दिवाळीही पार पडली. समोर आभार मानले की तुम्ही "त्यात काय मोठं" म्हणून विषय बदलता, म्हणून चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत पिल्लू आणणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल.

भुरी घरी आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. जो तो सांगे, लसी होईपर्यंत उंबऱ्याबाहेर काढू नका. पार्वोची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगाची, भीती खरीच आहे, पिल्लं हातची जातात त्याने. पण पोलिसांच्या श्वान पथकात उभी नोकरी केलेल्या तुम्ही दुसरी बाजू दाखवलीत. साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आपलं वाटू लागतं. लसींचे डोस मात्र सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. वाट बघत बसलो तर ही वेळ निघून जाते. "जमिनीवर ठेवू नका, कडेवर घेऊन फिरवा," म्हणालात. आमच्या डॉक्टरांनीही पहिल्या डोसनंतर याला होकार दिला.

मग भुरीने ओढणीच्या झोळीतून नागपूर पाहिलं. हेल्मेटवाला, छत्रीवाली, काठी टेकत चालणारे आजोबा, कबाडीवाल्याची आरोळी, ऑटोचा भोंगा. मी "बस" कधी शिकवायचं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "बाई, बस म्हणायला सारं आयुष्य पडलं आहे, आधी लेकराला जग तर दिसू द्या."

मारबतीचा, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा, दिवस मी विसरणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या भागात काय गलका असतो ते नागपूरकराला सांगायला नको. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे होती, ताशा नुसता ऐकू येत होता. भुरीने जांभई दिली. झोप आली असेल, असं मी म्हणाले. "झोप नाही, ती घाबरली आहे. जीभ पाहा, सारखी नाकावर फिरते. शेपूट पाहा न." तुम्ही आम्हाला दहा-वीस पावलं मागे नेलंत आणि उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा तिच्यापुढे धरलात. तिने तोंड फिरवलं. आणखी मागे. तिथे मात्र तिने तुकडा घेतला, आणि तुम्ही तिथेच थांबलात. ताशा वाजला की तुकडा, थांबला की तुकडा बंद. पुढे जायची घाई नाही, मुलांच्या आग्रहाला भीक घातली नाही. पिल्लू खायचं थांबलं की अंतर कमी पडतं आहे, ही खूण आता घरातल्या धाकट्यालाही कळते.

दिवाळीची तयारीही तेव्हापासूनच. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक, तोही जेवणाच्या ताटलीशी. आता लवंगी माळ वाजली की ती कान टवकारते आणि पुन्हा खाऊ लागते. सुतळी बॉम्बला अजून पलंगाखाली जाते. तिला ओढून काढायचं नाही, हे तुम्ही बजावलं होतं, आम्ही पाळतो.

शू-शीचं तर सोपं झालं. उठली, जेवली, खेळली की लगेच ठरलेल्या कोपऱ्यात, आणि झाल्याबरोबर शाबासकी. दात शिवशिवायचे तेव्हा हात चावायची; खेळ थांबवून पाठ फिरवायची आणि मग दोरी द्यायची, एवढंच केलं. घरात कुणी तिच्यावर हात उगारला नाही, हे तुमच्यामुळे.

उन्हाळ्याचंही ध्यानात आहे. पारा पंचेचाळीसवर गेला की डांबरावर उलटा हात ठेवून पाहायचा, पाच सेकंद टिकला नाही तर फिरणं बंद.

काकाजी, तुम्ही एक पैसा घेतला नाही, की गुडघा दुखतो म्हणून कधी येणं टाळलं नाही. एका गावठी पिल्लासाठी इतकं कोण करतं? आम्हा सगळ्यांकडून मनापासून धन्यवाद. आणि एक विनंती: समोरच्या वाड्यात परवा नवीन पिल्लू आलं आहे. त्यांना रविवारी संध्याकाळी तुमच्याकडे पाठवते आहे. झोळी माझीच देते.

तुमची,
भुरीची आई